सातव्या दिवसाची भाकर



“फादर, रविवारी वाडी बंद ठेवून कसं चालेल?” हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. प्रश्न प्रामाणिक आहे. भाजीला रविवार कळत नाही, म्हशीला तर नाहीच. नोकरदाराच्या मोबाइलवर साहेबाचा निरोप नेमका मिस्साच्या वेळी येतो. म्हणून आज घरी निर्गमचा सोळावा अध्याय काढून वाचावा, ही विनंती.

इस्राएली लोक मिसरच्या दास्यातून नुकतेच सुटले होते. रानात जाऊन परमेश्वराचा सण पाळू दे, असे मोशेने मागितले, तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरवले. विटांसाठी लागणारा पेंढा देणे त्याने बंद केले. विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली. उपासनेसाठी वेळ मागणारा माणूस मालकाला आळशी वाटतो, हे तेव्हापासूनचे आहे.

पुढे रानात मान्ना पडू लागला. रोज माणशी एक ओमेर. सकाळपर्यंत शिल्लक ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट मिळे आणि तो सातव्या दिवशीही टिके. त्या दिवशी काही मिळणार नाही असे सांगूनही काही जण गोळा करायला निघालेच आणि रिकाम्या हाताने परतले. ते लोभी होते असे मला वाटत नाही. ते घाबरलेले होते. पिढ्यान्‌पिढ्या वेठ केलेल्यांना घरात भाकर असूनही स्वस्थ बसता येईना. सिनाय पर्वतावर दहा आज्ञा मिळण्याआधीची ही गोष्ट आहे. आधी भाकर देऊन देवाने त्यांना थांबायला शिकवले.

मग आज्ञा आली. तिच्यात दास, दासी, बैल, गाढव, परका असे सगळे आले. तूही मिसरमध्ये दास होतास, याची आठवण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात दिली आहे. आपल्या मुंबईत गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढा दिला तेव्हा. वाडीवरच्या गड्याला आपण सुट्टी देतो, पण त्याचा रोज कापतो. त्याने ती सुट्टी कशी घ्यावी?

इस्पितळात, रेल्वेत ज्यांची ड्यूटी असते त्यांनी मन खट्टू करू नये. ख्रिस्तसभा अशा सेवेला दोष देत नाही. मला काळजी वाटते ती घरच्या बाईची. सकाळची मिस्सा, मग मटण, मग पाहुणे; तिचा रविवार चुलीपाशीच संपतो. ओट्यापाशी उभे राहून तिने कुठला प्रभूचा दिवस पाळायचा?

सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचे, ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे. वाडीला पाणी शनिवारीच द्यावे, वाटणही शनिवारीच करून ठेवावे. रविवारी जेवण साधे असले तरी चालेल. भांडी मुलग्यांनी घासावीत.