उबेचा हिशेब

नागपूरचे नाव निघाले की लोकांना ऊन आठवते. मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे जाणारे हे शहर थंडीचाही धाक बाळगते, हे बाहेरच्यांना पटत नाही. परंतु २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहरात ३.५ अंश सेल्सिअस इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. दरवर्षी पारा इतका उतरत नाही हे खरे, तथापि मार्गशीर्ष-पौषातील पहाट येथे अंगावर काटा आणते. हुडकेश्वरसारख्या भागात, जेथे शेतांचे ले-आउट पडले आणि मोकळ्या जागा अजून शिल्लक आहेत, तेथे वारा अडायला फारसे काही नसते. पक्क्या स्लॅबच्या घराला थंडी वेळाने कळते, टिनाच्या छपराखालच्या खोलीला ती पहिल्याच रात्री कळते.

उन्हाळ्यात कूलर चालतो, म्हणून बिल वाढते, हे सर्वांनी गृहीत धरलेले असते. त्याची तक्रार होते आणि तरतूदही होते. हिवाळ्यात मात्र बिल उतरेल अशी अपेक्षा असते आणि पुष्कळ घरांत ती पुरी होत नाही. आमच्याकडे घरच्या अडचणी बोलायला येणाऱ्या कुटुंबांकडून अलीकडे शाळेच्या फीच्या आणि औषधाच्या खर्चाबरोबर हिवाळ्यातील विजेच्या आणि गॅसच्या खर्चाचाही उल्लेख होऊ लागला आहे. हा विषय अर्थशास्त्राचा आहे, धर्मगुरूने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे एवढेच की जेथे शेजाऱ्याच्या शरीराचा प्रश्न येतो, तेथे नीतीचा प्रश्न आलेलाच असतो.

प्रथम हिशेब पाहू. पंधरा लिटरची एक बादली सुमारे १५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत तापवायची तर साधारण पाऊण तासाचा चौथा भागही लागत नाही असे आपल्याला वाटते. पण विजेला सवलत ठाऊक नाही. त्यासाठी जवळजवळ ०.४४ युनिट खर्ची पडते. पाच माणसांच्या घरात पाच बादल्या, म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिटांच्या आसपास आणि महिन्याला पासष्ट. पंखे बंद झाल्यावर ज्या घराचा वापर ८५ युनिटांवर आला आहे, तो या पाण्यापायी १५० वर जातो. येथेच अडचण आहे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याचे असतात. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे असा वीज आकार होता. म्हणजे शंभराची रेषा ओलांडताच पुढच्या प्रत्येक युनिटाचा दर दुपटीहून अधिक. त्या वर्षाच्या दराने या पासष्ट युनिटांचे सुमारे ५८५ रुपये होतात. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क वेगळे. जे घर पाणी गॅसवर तापवते, त्याचे सिलिंडर हिवाळ्यात लवकर संपते आणि घरगुती सिलिंडरचा दरही ८ एप्रिल २०२५ पासून ५० रुपयांनी वाढला होता. मोलमजुरीच्या घरात एवढा जादा खर्च म्हणजे एका दिवसाची कमाई गेली असे समजावे.

टप्प्यांच्या दरामागील विचार मुळात न्यायाचा आहे. ज्याचा वापर थोडा त्याला स्वस्त, ज्याचा अधिक त्याला महाग. गरिबाला झळ पोहोचू नये हाच त्यातील हेतू. परंतु हा नियम एक गोष्ट गृहीत धरतो, ती म्हणजे एक मीटर म्हणजे एक कुटुंब. प्रत्यक्षात वस्त्यांमध्ये एका मीटरवर दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे असतात. समजा, दोन कुटुंबे प्रत्येकी ८० युनिटे वापरतात. दोघांची मीटरे वेगळी असती तर दोघेही स्वस्त टप्प्यात राहिले असते आणि वरील दराने दोघांचा मिळून वीज आकार ७५४ रुपयांच्या घरात झाला असता. एकच मीटर असल्याने वापर १६० होतो आणि तोच आकार १,०८८ रुपयांवर जातो. कोणीही उधळपट्टी केलेली नाही, तरी उधळपट्टीचा दंड दोघांनाही बसतो. त्यातही घरमालक भाडेकरूकडून सरसकट दहा रुपये युनिट घेत असेल, तर मालकाच्या वाट्याचा स्वस्त टप्पाही भाडेकरूच्या पैशांनी भरला जातो. कायद्याच्या दृष्टीने मीटर अचूक असते. नीतीच्या दृष्टीने ते अर्धेच सांगते.

येथून आपण मूळ प्रश्नाकडे येतो. ऊब ही गरज आहे की सोय? वरवर पाहता उत्तर सोपे आहे. कडाक्याची थंडी नसेल तर गार पाण्याने अंघोळ करणारी माणसे आपण पाहिली आहेत आणि त्यांचे कौतुकही केले आहे. परंतु जो गार पाण्याने अंघोळ करतो त्याने ती स्वतः निवडलेली असते. दम्याने हैराण झालेल्या म्हातारीने, बाळंतिणीने, दोन महिन्यांच्या बाळाने ती निवडलेली नसते. तेव्हा वस्तूकडे पाहून गरज ठरवता येत नाही, माणसाकडे पाहून ठरवावी लागते. तेच एक युनिट एका घरात तासभर भरभरून वाहणाऱ्या नळाची चैन असते, दुसऱ्या घरात ती बाळाची अंघोळ असते. मीटरला हा भेद कळत नाही, आणि कळावा अशी अपेक्षाही नाही. तो ज्याला कळायला हवा तो शेजारी आहे.

गरिबांच्या बिलाचा विषय निघाला की आपल्यातील काही भाविक लगेच म्हणतात, ‘टीव्ही आहे, मोबाईल आहे, नाताळात माळाही लावतात, मग बिल येणारच.’ या बोलण्यात हिशेबही नाही आणि करुणाही नाही. एलईडीच्या माळेला लागणारी वीज पाणी तापवण्याच्या मानाने अगदी थोडी असते. नाताळच्या तारकेने कोणाचे घर बुडत नाही. शिवाय, ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या प्रत्येक आनंदाचा जाब मागण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हे विचारून पाहावे. काटकसर हा सद्गुण आहे. पण दुसऱ्याच्या काटकसरीवर देखरेख करणे हा सद्गुण नव्हे.

दुसरा विषय नाजूक आहे, तरी टाळता येत नाही. तो म्हणजे आकड्याचा. तारेवर आकडा टाकून घेतलेली वीज ही चोरी आहे काय? २००३ च्या वीज कायद्याच्या १३५ व्या कलमाचे उत्तर स्पष्ट आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. नीतिशास्त्राचे उत्तर थोडे लांबचे आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न वेगळ्या रूपात हाताळला. सृष्टीतील वस्तू मुळात सर्व मानवांच्या निर्वाहासाठी आहेत, खाजगी मालकी ही त्या वस्तूंची नीट व्यवस्था लागावी म्हणून आहे. म्हणून जेथे गरज उघड आणि तातडीची असते आणि दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसतो, तेथे दुसऱ्याच्या मालातून घेतलेले चोरी ठरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. काहीजण हा विचार ऐकताच आकड्याला आशीर्वाद मिळाला असे समजतील. तसे नाही. आकड्याने घेतलेली वीज श्रीमंताच्या कोठारातून आलेली नसते. गळतीचा खर्च दरांतून बिल भरणाऱ्यांवर येतो आणि त्यांत शेजारची विधवाही असते. शिवाय उघड्या तारेचा मृत्यू कोणाचे घर निवडत नाही. म्हणून आकडा आम्ही योग्य मानत नाही.

परंतु अक्वायनस यांच्या निष्कर्षातील शेवटच्या अटीकडे आपले लक्ष जावे अशी आमची इच्छा आहे. दुसरा मार्ग उरलेला नसणे, ही ती अट. दुसरा मार्ग आहे की नाही हे एकट्या गरजवंतावर अवलंबून नसते. शेजाऱ्याने दार उघडले तर मार्ग असतो, न उघडले तर नसतो. तेव्हा आकडा टाकणाऱ्याचा न्याय करताना त्या गल्लीत किती दारे बंद होती, हेही मोजावे लागते. चोरीचे पाप ज्याच्या हाताने घडले त्याचे आहेच. पण ज्यांच्या बंद दारांनी ते घडवले त्यांची नावे कोणत्याही पंचनाम्यात येत नाहीत.

जुन्या करारात, निर्गमाच्या पुस्तकात, एक लहानसा नियम आहे. शेजाऱ्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्यापाशी दुसरे काही नाही. या नियमाकडे नीट पाहिले असता त्याचे मोल कळते. तो कर्ज रद्द करीत नाही. धनको खोटा आहे, असे म्हणत नाही. देणे देणेच राहते. मात्र त्या वसुलीला एक सीमा घातली जाते आणि ती सीमा म्हणजे थंडीत कुडकुडणारे शरीर. माणसाच्या उघड्या अंगापाशी येऊन व्यवहाराने थांबावे, असा तो दंडक आहे. आपल्या वीज कायद्यातही ५६ व्या कलमान्वये थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ही सूचना त्याच दिशेचे एक छोटे पाऊल आहे. मात्र पंधरा दिवसांत थंडी जात नाही आणि पैसे झाडाला लागत नाहीत. ती मुदत उपयोगी पडायची तर त्या पंधरा दिवसांत कोणीतरी त्या घरी जायला हवे.

नव्या करारात संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याच जागी बोट ठेवले आहे. उघड्या-उपाशी बंधुभगिनींना ऊब आणि तृप्ती लाभो असे गोड शब्दांत सांगून निरोप द्यायचा आणि देहाला लागणारे काहीच द्यायचे नाही, अशा श्रद्धेला तो मेलेली म्हणतो. पहा, त्या आशीर्वादात अन्नाच्याही आधी उबेचा उल्लेख आहे. आपल्या शुभेच्छापत्रांतून ही ऊब डिसेंबरभर वाटली जाते.

ही अडचण एकट्या हुडकेश्वरची नाही. रशियाने २०२२ साली युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपात इंधनाचे दर भडकले. ब्रिटनमध्ये नियामक संस्थेने त्या ऑक्टोबरसाठी सर्वसाधारण घराच्या वार्षिक बिलाची मर्यादा ३,५४९ पौंडांवर नेली, तेव्हा सरकारला मध्ये पडून ती २,५०० पौंडांच्या आसपास रोखावी लागली. त्या हिवाळ्यात तेथील अनेक वाचनालयांनी आणि चर्चनी आपली तापवलेली सभागृहे दिवसा सर्वांना खुली केली. घर तापवावे की जेवावे, असा प्रश्न श्रीमंत देशातही पडू शकतो, हे जगाने पाहिले. आपल्याकडे त्या खुल्या सभागृहांना जुना शब्द आहे, शेकोटी. शेकोटीभोवती बसायला कोणाला परवानगी लागत नसे, आणि एका लाकडाची ऊब दहा जणांना मिळत असे. प्रत्येकाने आपापल्या खोलीत आपापली ऊब विकत घ्यावी, हा प्रकार नवा आहे.

येथे आणखी एका बिलाचा विचार करावा लागतो, जे आपल्या घरी येत नाही. आपल्या शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रे कोळसा जाळतात. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले. आपल्या बादलीतल्या कोमट पाण्याची काही किंमत त्या शेतांनीही मोजली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावा असे आवाहन केले, त्याचा अर्थ आपल्याला समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. म्हणून ज्याला परवडते त्यानेही जपून वापरावे. बिल भरले म्हणजे ऋण फिटले, असे होत नाही.

आता कोणी विचारील, मग करावे काय? मोठ्या गोष्टी शासनाच्या आणि नियामक आयोगाच्या हाती आहेत. त्या मागत राहणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. पण काही गोष्टी आपल्या उंबरठ्याच्या आतल्या आहेत. ज्यांनी घर भाड्याने दिले आहे, त्यांनी भाडेकरूला स्वतंत्र मीटर घेऊ द्यावे. वीज कायदा मालकाप्रमाणेच भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क देतो. ते होईपर्यंत बिल समोर ठेवून वापराच्या प्रमाणात वाटून घ्यावे, आणि त्यात स्वस्त टप्प्याचा लाभ दोघांनाही मिळावा. एवढे केले तरी पुष्कळ घरांत महिन्याला शंभर-दोनशे रुपयांचा अन्याय थांबेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत छतावरील तीन किलोवॉटच्या सौरसंचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. पण ज्याला छत नाही, त्याला या योजनेचे ऊन लागत नाही. ज्याला छत आहे त्याने तेथे तापलेल्या पाण्याच्या दोन बादल्या खालच्या बिऱ्हाडाला दिल्या, तर त्यासाठी कोणत्याही अर्जाची गरज नाही. म्हाताऱ्या माणसांची आणि बाळांची अंघोळ पहाटे न करता उन्हे चढल्यावर करावी. नागपूरचे ऊन पौषातही दुपारी उदार असते. आणि एक धोक्याची सूचना. बिल वाचवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची सिगडी पेटवून कोणीही झोपू नये. तिचा विषारी वायू वासाने कळत नाही आणि झोपलेल्याला उठू देत नाही.

धर्मग्रामाच्या पातळीवर याहून थोडे अधिक शक्य आहे. एखाद्या घराला पुरवठा तोडण्याची सूचना आली, तर ती लाजेने उशीखाली दडवली जाऊ नये, इतका विश्वास आपल्या लहान समूहांत असायला हवा. मदत घेणाऱ्याला मान खाली घालावी लागली तर ती मदत अर्धी वाया गेली. ज्याच्या घरी थकबाकीचा कागद आहे त्याला तो शेजाऱ्याला दाखवता येतो की नाही, यावरून त्या धर्मग्रामाची ऊब मोजावी. आमच्या मते नाताळाच्या सजावटीपेक्षा हे मोजमाप अधिक खरे आहे.

न्याय आणि दया यांची आपण नेहमी फारकत करतो. मीटर न्यायाचे आणि शेजारी दयेचा, असे आपल्याला वाटते. वस्तुतः एका मीटरवरच्या दोन बिऱ्हाडांत बिल नीट वाटणे ही दया नव्हे, तो न्याय आहे. आणि तो करायला शेजाऱ्याखेरीज दुसरे कोणी येणार नाही. थंडी येत्या वर्षीही येईल. दर काय असतील ते आयोग ठरवील. भिंतीपलीकडच्या खोलीत या पहाटे पाणी तापले आहे की नाही, हे मात्र आपल्यालाच पाहावे लागेल.