अंधाराची वाटणी

दिवेलागणीच्या वेळी अचानक लाईट जाते. पंखा मंदावत थांबतो, फ्रिजची घरघर बंद पडते आणि त्या आकस्मिक शांततेत आपण सारेच नकळत एक गोष्ट करतो. मेणबत्ती शोधण्यापूर्वी आपण ओट्यावर येतो आणि शेजारच्या घराकडे पाहतो. तिकडेही अंधार असला, तर मनाला हायसे वाटते. ‘सगळ्यांचीच गेली आहे,’ असे आपण आत वळून सांगतो आणि घरातली माणसे निश्चिंत होतात. मात्र शेजारी दिवा जळत असला, तर तोच अंधार आपल्याला सोसवत नाही. ‘आपलीच कशी गेली?’ असे म्हणत आपण चिडतो.

ही गोष्ट क्षुल्लक आहे खरी. पण तिच्यात मनुष्यस्वभावाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांला वाटते. दुसऱ्याच्या अंधाराने आपल्याला दिलासा का मिळावा? त्यात थोडा मत्सर आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच दिलाशात न्यायाची एक अस्पष्ट जाणीवही आहे. दुःख यायचेच असेल, तर ते सर्वांना सारखे यावे, असे माणसाला मनोमन वाटते. प्रश्न एवढाच, की अंधार खरोखर सर्वांना सारखा येतो काय?

आम्ही उमरोळीची माणसे पालघर आणि बोईसर या दोन स्थानकांच्या मध्ये राहतो. आमच्या वायव्येला, समुद्रकाठी, तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. 1969 साली सुरू झालेले हे देशातील पहिले अणुवीज केंद्र. पुढे 2005 आणि 2006 मध्ये तेथे प्रत्येकी 540 मेगावॅटचे दोन मोठे संच कार्यान्वित झाले. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. देशाला उजेड पुरविणाऱ्या अशा केंद्राच्या शेजारी राहूनही आमच्या घरात कंदिलाची काच पुसून ठेवण्याची सवय अजून मोडलेली नाही. बाहेरचा पाहुणा याला विनोद समजतो. आम्हांला त्यात विनोद दिसत नाही.

17 मे 2021 चा दिवस आमच्यापैकी कोणीही विसरणार नाही. त्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत होते आणि रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याने झाडे उन्मळली, पत्रे उडाले, खांब वाकले, तारा तुटल्या. कुठे एका दिवसात लाईट आली, कुठे त्याहून पुष्कळ अधिक वाट पाहावी लागली. वीज गेली म्हणजे केवळ दिवा गेला, असे आता राहिलेले नाही, हे त्या दिवसांत आम्हांला उमगले. मोटार बंद म्हणून टाकीत पाणी नाही. मोबाईल बंद म्हणून मुंबईतल्या मुलाची खुशाली नाही. बर्फ नाही म्हणून मासळी टिकण्याची शाश्वती नाही. शिवाय ते कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस होते. ज्या घरात रुग्णाला यंत्रातून प्राणवायू दिला जात होता, त्या घराच्या दृष्टीने वीज म्हणजेच श्वास होता.

आमच्या आळीत एका घरी इन्व्हर्टर होता. त्यांनी ओट्यावर एक बोर्ड काढून ठेवला आणि दिवसभर शेजाऱ्यांचे मोबाईल तेथे चार्ज होत राहिले. एका आजीचे इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये गेले. तो फ्रिज चालू राहावा म्हणून त्यांनी स्वतःच्या खोलीतला पंखा बंद ठेवला होता, हे आम्हांला फार नंतर कळले. आम्ही सर्वांनी त्यांचे आभार मानले. पण तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे: त्यांनी केले ते औदार्य होते, की कर्तव्य? त्यांनी आपला दरवाजा लावून घेतला असता, तर आपण त्यांना दोष देऊ शकलो असतो काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी विजेचा स्वभाव थोडा समजून घ्यायला हवा. धान्य कणगीत साठते, पाणी विहिरीत साठते. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणे अजूनही कठीण आहे. ज्या क्षणी ती तयार होते, जवळजवळ त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. आपल्या देशातील जनित्रे एका सेकंदाला पन्नास आवर्तने या ठेक्यावर एकत्र चालतात. मागणी पुरवठ्याहून वाढली, की हा ठेका मंदावतो. तो फारच मंदावला, तर यंत्रे स्वतःला वाचविण्यासाठी एकामागून एक बंद पडू लागतात आणि सगळे जाळेच कोसळते. ते टाळायचे तर कोणाची तरी वीज तातडीने तोडावी लागते. म्हणजे काहींनी अंधार सोसला, म्हणून इतरांचा उजेड टिकला, असा हा हिशेब आहे. वादळात खांब पडतो, तेव्हा अंधार निसर्ग वाटतो. भारनियमनात मात्र तो माणूस वाटतो. आणि जेथे माणूस वाटणी करतो, तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्न येतोच.

हा प्रश्न किती दारुण रूप घेऊ शकतो, हे फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्याने पाहिले. ह्यूस्टन, डलास, ऑस्टिन येथे आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात; त्यामुळे ती बातमी इकडच्याही अनेक घरांत काळजी घेऊन आली. एरवी उष्ण असलेल्या त्या प्रदेशात हिमवादळ आले. 16 फेब्रुवारीला डलासचे तापमान शून्याखाली 19 अंशांच्या आसपास गेले. घरे उबदार ठेवण्यासाठी विजेची मागणी भडकली आणि नेमक्या त्याच वेळी थंडीने वीजकेंद्रांची उपकरणे व वायूचे नळ गोठले. 15 तारखेच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास वीज तोडण्यास प्रारंभ झाला. सगळे जाळे पूर्णपणे कोसळण्यापासून अवघी 4 मिनिटे 37 सेकंद दूर होते, असे पुढे त्याच्या चालकांनीच सांगितले. तसे झाले असते, तर ते राज्य कित्येक आठवडे अंधारात राहिले असते. ते टळले, पण त्यासाठी सुमारे 20,000 मेगावॅटचा भार कमी करावा लागला. तारापूरच्या चारही संचांची मिळून क्षमता 1,400 मेगावॅट धरली, तर ही चौदा तारापूरची वीज झाली. पंचेचाळीस लाखांच्या आसपास घरे अंधारात गेली.

योजना अशी होती, की अंधार आळीपाळीने यावा. आज या वस्तीने तो थोडा वेळ सोसावा, मग दुसरीने. पण तूटच एवढी मोठी होती, की पाळी फिरवायला जागा उरली नाही. ज्या वाहिन्यांवर इस्पितळे, अग्निशमन केंद्रे होती, त्या तोडता येत नव्हत्या. त्यामुळे त्या वाहिन्यांवरील घरे सुदैवाने उजेडात राहिली आणि उरलेल्यांचा अंधार दिवसामागून दिवस तसाच राहिला. शहरांच्या मध्यभागी रिकाम्या कचेऱ्यांच्या उंच इमारती झगमगत होत्या आणि काही मैलांवर माणसे घरातले लाकूडसामान जाळून ऊब घेत होती. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे 246 माणसे दगावली. त्यांतील बहुसंख्य थंडीने गेली. काही बंद खोलीत कोळसा पेटवल्यामुळे किंवा बंदिस्त जागेत मोटारीचे इंजिन चालू ठेवल्यामुळे विषारी वायूने गुदमरली. त्या वायूला वास नसतो, म्हणून तो कळतही नाही. बंद खोलीत शेगडी वा जनरेटर चालविणाऱ्या आपल्याकडील घरांनीही हे ध्यानात ठेवावे.

यात सर्वांत अधिक बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. अशाच थंडीने 2011 साली टेक्सासमध्ये वीज गेली होती. यंत्रांना थंडीपासून संरक्षण द्यावे, अशा शिफारशी तेव्हा झाल्या. पण त्या सक्तीच्या केल्या गेल्या नाहीत. खर्च वाचला. त्याच राज्याच्या पश्चिम टोकाला असलेले एल पासो शहर मात्र वेगळ्या जाळ्यात होते आणि 2011 च्या अनुभवानंतर तेथील केंद्रांनी थंडीची तयारी केली होती. 2021 मध्ये ते शहर जवळजवळ निर्वेध राहिले. तेव्हा अंधाराची वाटणी ज्या रात्री वीज जाते, त्या रात्री होते, असे समजण्याचे कारण नाही. दहा वर्षे आधी, उजेडात बसून, कोणीतरी ती करून ठेवलेली असते.

आपल्याकडे हिमवर्षाव होत नाही, म्हणून आपण या दोषातून मुक्त आहोत काय? साधारण 2005 नंतरची काही वर्षे आठवावीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बारा-बारा तासांचे भारनियमन नित्याचे झाले होते. मुंबई मात्र त्यातून वगळलेली होती. परीक्षेचा अभ्यास करणारे खेड्यातील मूल चिमणीच्या उजेडात डोळे ताणत होते. पुढे 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज काही तासांसाठी गेली, लोकल थांबल्या आणि ती देशभराची बातमी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण खेड्यातील हजारो रात्री मिळून एकही बातमी झाली नाही, याचे आपल्याला काहीच वाटू नये?

थंडीचे म्हणाल, तर आपल्या राज्यात आणखी एक अंधार आहे. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते; काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रब्बीच्या हंगामात रात्रपाळी आली, की शेतकरी ऐन थंडीत बॅटरी घेऊन गव्हाला, कांद्याला पाणी देण्यासाठी बांधावर जातो. निफाडसारख्या भागात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. पायाखाली विंचू-साप, जुन्नरकडच्या उसात बिबट्या. त्याला वीज मिळते. पण जी वेळ इतरांना नको असते, ती वेळ त्याच्या वाट्याला येते. दिवसा वीज मिळावी, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आली, ती याच हेतूने. आपल्या ताटातल्या पोळीमागे अशी एखादी कुडकुडती रात्र असते, हे आपण किती वेळा आठवतो?

येथे कोणी आक्षेप घेईल. ज्याने पैसे साठवून इन्व्हर्टर घेतला, त्याने आपली दूरदृष्टी इतरांना का वाटावी? शुभवर्तमानातील दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या पाच जणींनी आपले तेल मूर्ख पाच जणींना दिले नव्हते, याची आठवणही तो करून देईल. आक्षेप हलका नाही. लहानपणी तो दाखला ऐकताना त्या शहाण्या मुली आम्हांलाही थोड्या निष्ठुर वाटत असत. पण तेथे तेल म्हणजे अंतःकरणाची जागरूकता आहे, असे आपल्याला शिकविले गेले आणि ती कोणी कोणाला उसनी देऊ शकत नाही, हे खरेच आहे. आपल्या श्रद्धेची तयारी शेजारी करून देणार नाही. मात्र बॅटरीतील वीज ही तशी वस्तू नव्हे. ती देता येते. जे देता येत नाही, त्याच्यासाठी सांगितलेला दाखला जे देता येते, ते नाकारण्यासाठी पुढे करणे बरे नव्हे. शिवाय मूर्खपणा आणि गरिबी यांत फरक आहे. कातकरी वा वारली पाड्यावरच्या आईने इन्व्हर्टर घेतला नाही, तो तिच्या आळसामुळे नव्हे.

म्हणून आमच्या मते उत्तर असे आहे. आपल्या उजेडात जो भाग सोयीचा आहे, तो देणे औदार्य आहे. पण शेजाऱ्याला ज्याची गरज श्वासासाठी, पाण्यासाठी, औषधासाठी आहे, तो भाग देणे कर्तव्य आहे. तेथे आभाराची अपेक्षाही गैर आहे. पहिला हक्क श्वासाचा, मग पाण्या-औषधाचा, मग अन्नाचा, मग कामाचा आणि सर्वांत शेवटी सुखाचा. हा क्रम घराच्या ओट्यावर जसा लागू आहे, तसाच तो राज्याच्या नियंत्रण कक्षातही लागू असावा. आमच्या त्या शेजाऱ्यांनी पंखा बंद करून इन्सुलिन थंड ठेवले, तेव्हा कोणतेही पुस्तक न उघडता त्यांनी हाच क्रम पाळला होता.

पण वाटणी आधीच होत असते, हे टेक्सासने शिकविले आहे. तेव्हा कर्तव्यही आधीच करायला हवे. पावसाळ्यापूर्वी आपण कौले चाळतो, लाकूडफाटा भरतो. त्याच वेळी प्रत्येक धर्मग्रामातील आळी-आळीने एक साधी यादी का करू नये? प्राणवायूचे यंत्र कोणत्या घरात आहे, एकटे वृद्ध कोठे राहतात, तान्हे मूल कोठे आहे. इन्व्हर्टर कोणाकडे आहे, हातपंप कोठे चालू आहे. यादीत केवळ आपली घरे नकोत. भाड्याच्या खोलीत राहणारा बोईसरच्या कारखान्यातील परप्रांतीय कामगारही हवा, पाडाही हवा. याला पैसा लागत नाही, एका संध्याकाळचा वेळ लागतो. आणि खांबावर चढणाऱ्या वायरमनला शिव्या देण्याऐवजी कोणी गरम चहा नेऊन दिला, तर वादळातली तार काही लवकर जोडली जाणार नाही. पण ती जोडणारा हात आपल्यासारखाच भिजलेला आहे, एवढे तरी आपल्याला दिसेल.

पुन्हा लाईट जाईल, यात शंका नाही. आपण पुन्हा ओट्यावर येऊ आणि शेजारच्या घराकडे पाहू. ती सवय मोडायला नको. फक्त पाहण्याचे कारण बदलावे. आपल्या अंधाराला सोबत आहे की नाही, हे पाहण्यासाठी आजवर आपण पाहत आलो. यापुढे, तेथे अंधारात कोणी अडले आहे काय, हे पाहण्यासाठी पाहावे. मग लाईट आल्यावर मुले जे ‘आली!’ म्हणून ओरडतात, त्या आनंदात सबंध आळीला सामील होता येईल.