बावीस अक्षरांचा पहारा

बिरड्याचा रोजा. नावावरून एखादं घरगुती कोकणी व्रत वाटावं, पण हा उपास आहे जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झाल्याचा. अलिबागच्या आसपास तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले. त्याच्याशी मोड आलेल्या वालाचं बिरडं जोडलं गेलं आणि तेच नाव रूढ झालं. या रात्री जगभरचे ज्यू बायबलातलं ‘विलापगीत’ वाचतात. बेने इस्राएलांकडे ते पुस्तक नव्हतं. हिब्रू प्रार्थनांपैकी ‘शमा’ तेवढा तोंडी राहिला होता. सुंता असो, लग्न असो की मयत, तोच म्हटला जाई.

जे हरवलं होतं, त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. विलापगीताचे पहिले, दुसरे आणि चौथे प्रकरण प्रत्येकी 22 चरणांचे. हिब्रू अक्षरंही 22, आणि चरण जवळजवळ त्याच क्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात एकेका अक्षराला तीन-तीन चरण, म्हणजे 66. पाचव्यात चरण 22 आहेत, पण अक्षरक्रम सोडून दिलेला. एवढा मोठा शोक, पण तोही वर्णमालेच्या शिस्तीत. स्तोत्रसंहितेतलं 119वं स्तोत्र तर आणखी पुढे जातं: अक्षराला आठ चरण, एकूण 176.

ही युक्ती पाठांतरासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच पटतं. 119व्या स्तोत्रात आठही चरण एकाच अक्षराने सुरू होतात आणि बहुतेक सगळे नियमशास्त्राबद्दलच बोलतात. तिसऱ्यानंतर चौथा कोणता, हे अक्षर कुठे सांगतं? उलट गोंधळच वाढायचा. अक्षरक्रमाचा खरा उपयोग हिशेबनिसाचा: काही गळलं की ते लगेच कळतं.

145व्या स्तोत्राचंच पाहा. धार्मिक ज्यू ते रोज तीनदा म्हणतात, पण परंपरेने आलेल्या हिब्रू पाठात ‘नून’ या अक्षराचा चरणच नाही. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रब्बी योहानान कारण देतात, की इस्राएलच्या पतनाचं एक वचन याच अक्षराने सुरू होतं, म्हणून ते टाळलं. 1956 मध्ये मृत समुद्राकाठी कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या गुंडाळीत मात्र नूनचा चरण आहे. तो मूळचा की मागाहून भरलेला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण जागा रिकामी आहे, हे दोन हजार वर्षं कुणाच्या नजरेतून सुटलं नाही!

मुलुंड-बोरिवलीच्या घरांत तिन्हीसांजेला रामरक्षा पाठ झालेल्यांना असला क्रम नवा नाही. रामरक्षेचं कवच डोक्यापासून सुरू होतं; मग कपाळ, डोळे, कान, नाक असं करत पावलांपर्यंत उतरतं. चार वर्षांचं पोर एखादा अवयव विसरलं तर स्वतःच्या अंगावर बोट ठेवून शोधू शकतं. त्याला अक्षरओळख लागत नाही. हिब्रू पहाऱ्याला ती लागते, आणि बेने इस्राएलांची नेमकी तीच तुटली होती.

ती जुळली एकोणिसाव्या शतकात. 1826च्या सुमारास कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याचा हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह वल्हांडण सणाला वाचायची हग्गादा निघाली. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

भाषांतरात अर्थ आला, अक्षरक्रम मात्र बाहेरच राहिला. मूळ हिब्रू शब्द देवनागरीत लिहिले तरी तीच अडचण: आलेफ आणि आयिन दोघेही ‘अ’मध्ये मिसळतात, काफ आणि कोफ ‘क’मध्ये. मग मराठी कानाला आधार कशाचा? चालीचा. 1880च्या सुमारास बेने इस्राएलांनी कीर्तनं रचायला घेतली आणि बायबलातल्या कथा साकी-दिंडीत बसवल्या. शेजारच्या देवळात जे वर्षानुवर्षं कानावर पडत होतं, तेच त्यांनी उचललं. ही उसनवारी म्हणून हिणवण्याची गोष्ट नाही. ज्या भाषेत माणूस झोपेत बोलतो, त्या भाषेच्या चालीतच पाठांतर मुरतं.

मुलुंडच्या पुढच्याच स्टेशनावर, ठाण्यात, 1879 सालचं ‘शार हाशामाइम’ सिनेगॉग आजही चालू आहे. समाजातले बहुसंख्य लोक मात्र 1948 नंतर इस्रायलला गेले. तिथे त्यांची नातवंडं पहिलीतच आलेफ-बेत गिरवतात. विलापगीतातला क्रम त्यांना उघड्या डोळ्यांनी दिसतो. देवनागरी मात्र आता आजी-आजोबांकडे उरली आहे, आणि ती टिकावी म्हणून त्या समाजाने इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं.