मत देऊन मिळतं काय?

१९२२ साली ऑस्ट्रेलियाच्या निवडणुकीत साठ टक्केही मतदान झालं नाही. तिथल्या संसदेने १९२४मध्ये मतदान सक्तीचं केलं आणि पुढच्याच वर्षी आकडा नव्वदीपार गेला. सबळ कारण न देता गैरहजर राहणाऱ्याला वीस डॉलर दंड आजही होतो. पण त्याच कायद्यात एक वाट मोकळी आहे. मत न देणं हेच आपलं धर्मकर्तव्य आहे, अशी ज्याची श्रद्धा असेल त्याचं कारण ग्राह्य धरलं जातं. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक राजकारणापासून अलिप्त राहतात, ते याच श्रद्धेने. त्यांच्यापुढे कायद्याने हात आवरता घेतला, हे योग्यच झालं.

प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. अँथनी डाउन्स या अभ्यासकाने १९५७मध्ये रोखठोक हिशेब मांडला: लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, रांगेतली खोटी मात्र खरी. मग जायचं कशाला? विल्यम रायकर आणि पीटर ऑर्डेशूक यांनी १९६८मध्ये त्यात कर्तव्यपूर्तीचं समाधान मिळवलं. हिशेब जुळला खरा, पण समाधान हेही फळच. ते ज्याला मिळत नाही, त्याने काय करायचं?

इथे कर्मयोग उपयोगी पडतो. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. फळाची आस सोडणारा कामात हयगय करत नाही, उलट त्याचं काम अधिक चोख होतं, हा त्यांतला एक मुख्य विचार. मतदानाला तो नेमका लागू पडतो. जेसन ब्रेनन हे अमेरिकी तत्त्वज्ञ म्हणतात, मत देणं बंधनकारक नाही, पण द्यायचं तर नीट विचार करून, नाहीतर घरी थांबावं. यातलं मधलं तेवढं पटतं. उमेदवार कोण, त्याने काय केलं, हे न पाहता बटण दाबणं म्हणजे निष्काम कर्म नव्हे.

गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी वर्षानुवर्षं बहिष्काराची पत्रकं लावली. सुरक्षेसाठी तिथलं मतदान २०२४च्या विधानसभेलाही दुपारी तीनलाच संपलं, तरी जिल्ह्याचा आकडा सत्तरीपार गेला. मुंबईत कुलाब्यात तो पंचेचाळीसच्या आत राहिला. घर बदललेल्यांची, वारलेल्यांची नावं यादीत राहतात, म्हणून शहरी टक्का खाली दिसतो, हे खरं. पण ज्यांचं नाव यादीत बरोबर होतं, केंद्र जवळ होतं आणि मनात कुठली श्रद्धाही आड येत नव्हती, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली ती वाट नाही, आणि कर्मयोगातही सवलत नाही.