मानधन की मोबदला?



आपल्या घोरावाडी परिसरात काय किंवा मावळातल्या दूरच्या वाडीत काय, अंगणवाडीत सेविकेसोबत एक मदतनीस ताई असते. खोली झाडायची, पाणी भरायचे, घरोघरी जाऊन लेकरांना आणायचे, कुणाचे नाक पुसायचे, खिचडी शिजवून वाढायची, भांडी घासायची. सेविका गाणी शिकवते खरी. पण शेजारी मूल रडत बसले, तर शिकवणे कसले?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तेव्हापासून या कामाला मिळते ते ‘मानधन’. शब्द गोड आहे. पाहुण्या वक्त्याला शाल-श्रीफळासोबत आपण पाकीट देतो, तेही मानधनच. पण त्या पाकिटावर त्याची चूल पेटत नसते. इथे मात्र रोजची हजेरी आहे, ठरलेली वेळ आहे, वरिष्ठांना जाब द्यावा लागतो.

“ही तर सेवा आहे!” असे आपण सहज म्हणतो. इथे विचारात गफलत होते. सेवा देणाऱ्याने द्यायची असते. माझ्या हक्कावर मी पाणी सोडू शकतो. तुमच्या हक्कावर तुमच्या वतीने कसे सोडू? दुसऱ्याच्या त्यागाचे पुण्य आपल्या खात्यावर जमा होत नाही.

“तिने मान्य केलेच ना?” असेही कुणी विचारील. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’ या पत्रात याचे उत्तर दिले आहे. गरजेपोटी पत्करलेली अपुरी मजुरी केवळ होकारामुळे न्याय्य ठरत नाही. मागे जबरदस्तीच असते, ती परिस्थितीची.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील प्रकरणांत निकाल दिला: अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, त्यांचे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच. योजनेनंतर सत्तेचाळिसाव्या वर्षी! तोवर कितीजणी घरी बसल्या असतील.

शाळेत आहार शिजवणाऱ्या भगिनींचे दुखणे वेगळे नाही. २००९ साली त्यांना दरमहा १००० रुपये ठरले, तेही वर्षातले १० महिने. पुढे राज्याने भर घातली. मे महिन्यात मात्र शाळा बंद असते, पोट नाही.

आपल्या धर्मग्रामात कुणी मदतनीस म्हणून निवृत्त झाल्या असतील आणि ग्रॅच्युइटीची चौकशी राहिली असेल, तर त्यांनी नेमणुकीचे कागद घेऊन मिस्सानंतर कार्यालयात भेटावे. अर्ज लिहायला आपण मदत करू.