यंत्राच्या मदतीची नोंद कुठे व्हावी?

चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वांसाठी खुले झाले, आणि पुढच्या काही महिन्यांतच संपादकांना व विद्यापीठांना एका प्रश्नाचे उत्तर देणे भाग पडले. लेखनात यंत्राची मदत घेतली असेल, तर ती कुठे आणि कशी सांगायची? ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने जानेवारी 2023मध्ये भूमिका घेतली, की असे साधन लेखक म्हणून मान्य होणार नाही. लेखकाला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते आणि यंत्र ती घेऊ शकत नाही. वापर झालाच असेल तर तो संशोधनपद्धतीच्या भागात किंवा ऋणनिर्देशात सांगावा. मार्चमध्ये एमएलए या संदर्भशैलीने सांगितले, की यंत्राला लेखक मानू नका, त्याला काय विचारले ते नोंदवा. एप्रिलमध्ये एपीए या दुसऱ्या संदर्भशैलीने ओपनएआय कंपनीला लेखकाच्या जागी ठेवून चॅटजीपीटीला थेट संदर्भसूचीत बसवले. शिकागो शैलीच्या मते तळटीप पुरेशी आहे. आपले विद्यार्थी यांतली हाती लागेल ती पद्धत उचलतात आणि स्वाध्यायाच्या शेवटी, पुस्तकांच्या रांगेत, चॅटजीपीटीचे नाव लिहितात. ही जागा चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण संदर्भ कशासाठी देतात यात आहे.

वि. का. राजवाडे यांनी 1898मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा प्रस्तावनेत बखरींतली विधाने अस्सल पत्रांशी ताडून पाहिली. मराठीतल्या इतिहासलेखनाला ही शिस्त तेव्हापासून ठाऊक आहे: विधानामागे कागद हवा, आणि तो दुसऱ्यालाही पाहता आला पाहिजे. वाचक त्या कागदापर्यंत जातो, स्वतः वाचतो, प्रसंगी लेखकाला खोटे पाडतो. यंत्राच्या उत्तरापर्यंत असे जाता येत नाही. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की शब्द बदलतात, कधी आशयही बदलतो. आज वापरलेली आवृत्ती काही महिन्यांनी उपलब्ध असेलच असे नाही. शिवाय हे यंत्र मजकूर रचते ते पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या हिशेबाने. त्यामुळे ते कधी कधी संदर्भसुद्धा रचून देते. जून 2023मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला 5,000 डॉलरचा दंड केला, कारण त्यांनी दाखल केलेल्या कागदांत अस्तित्वातच नसलेले निवाडे होते आणि ते चॅटजीपीटीने पुरवलेले होते. ‘गुलामगिरी’ 1873मध्ये प्रसिद्ध झाली हे विद्यार्थ्याला यंत्राने सांगितले, तरी संदर्भ ‘गुलामगिरी’चाच द्यायला हवा, आणि तो ते पुस्तक उघडून पाहिल्यावर. सूचीत यंत्राचे नाव लिहिल्याने संदर्भ दिल्याचा आभास तेवढा होतो, आणि मूळ ग्रंथ वाचलेला नाही हे झाकले जाते.

याला एक अपवाद मानला पाहिजे. यंत्राचा मजकूर हाच अभ्यासाचा विषय असेल, म्हणजे जनाबाईच्या एखाद्या अभंगाचा इंग्रजी अनुवाद यंत्र कसा करते हे कोणी तपासत असेल, तर ते उत्तर अभ्यासाचे मूळ साधन ठरते. तेव्हा दिनांक, आवृत्ती, विचारलेला प्रश्न आणि मिळालेले संपूर्ण उत्तर परिशिष्टात आलेच पाहिजे. बाकी सर्व ठिकाणी यंत्राची नोंद ऋणनिर्देशात व्हावी, आणि ती नावापुरती नसावी. ऑस्ट्रेलियातील मोनॅशसारख्या विद्यापीठांनी अशा निवेदनांचे नमुनेच विद्यार्थ्यांना दिले आहेत. मराठीत ते साधारण असे होईल: ‘या स्वाध्यायाची मांडणी माझी आहे. दोन इंग्रजी लेख समजून घेण्यासाठी चॅटजीपीटीकडून त्यांचा सारांश घेतला, नंतर मूळ लेख वाचले. त्याने सुचवलेल्या पाच पुस्तकांपैकी दोन ग्रंथालयाच्या तालिकेत सापडली नाहीत, म्हणून वगळली. शेवटचा मसुदा शुद्धलेखनासाठी तपासून घेतला.’ या चार ओळींतून विद्यार्थी कसा शिकला हे शिक्षकाला कळते. काय घेतले यापेक्षा काय तपासले आणि काय नाकारले, हा त्यातला मोलाचा भाग आहे.

गणकयंत्राचे किंवा संगणकातल्या शुद्धलेखन तपासनिसाचे आभार कोणी मानत नाही, मग याचेच का, असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे. स्वाध्यायातून जे कौशल्य तपासायचे आहे, त्यात मदत झाली असेल तर ती सांगायची. रसायनशास्त्राच्या जर्नलमध्ये ऱ्हस्व-दीर्घ कोणी सुधारले याला महत्त्व नाही. मराठी व्याकरणाच्या स्वाध्यायात तोच सगळा प्रश्न आहे. सीमारेषा विषयागणिक बदलते, म्हणून ती शिक्षकाने स्वाध्याय देतानाच लिहून दिली पाहिजे.

त्याहून कठीण आक्षेप असा, की खरे सांगणारा मार खाईल आणि गप्प बसणारा सुटेल. त्यावर अनेकांना तपासणी-सॉफ्टवेअर हा उपाय वाटतो. अनुभव उलट आहे. ओपनएआयने जानेवारी 2023मध्ये स्वतःचे ओळखयंत्र आणले. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्रलिखित मजकुरापैकी फक्त 26 टक्के ओळखला आणि माणसाने लिहिलेल्या 9 टक्के मजकुरावर खोटा शिक्का मारला. जुलैमध्ये ते बंद झाले. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी टोफेल परीक्षेतले 91 निबंध अशा सात ओळखयंत्रांतून तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्राचे ठरवले गेले, कारण मोजका शब्दसंग्रह आणि साधी वाक्यरचना यांवर ही साधने संशय घेतात. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पदवीला इंग्रजीत लिहू लागलेल्या मुलीचे इंग्रजी नेमके असेच असते. तिने रात्र जागून लिहिलेल्या पानांवर सॉफ्टवेअरने टक्केवारी छापली, तर ती स्वतःचे निर्दोषत्व कशाने सिद्ध करणार?

नियमांचीही आपल्याकडे मोठी पोकळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018चे वाङ्मयचौर्यविरोधी विनियम 10, 40 आणि 60 टक्के साम्याच्या पायऱ्यांवर उभे आहेत. यंत्राचा मजकूर दर वेळी नव्याने रचलेला असल्याने साम्य दाखवतोच असे नाही. शिवाय त्या विनियमांच्या व्याख्येतून स्वाध्याय, सत्रनिबंध आणि प्रकल्प अहवाल स्पष्टपणे वगळलेले आहेत. म्हणजे अंतर्गत मूल्यमापनासाठी लिहिणारे लाखो विद्यार्थी या चौकटीबाहेर आहेत. 2024मध्ये हरियाणातील एका विधी विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका बहुतांशी यंत्राने लिहिल्याच्या कारणावरून नापास केले गेले. अशा वापरास बंदी करणारा नियमच नव्हता, असे म्हणत तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याने याचिका निकाली निघाली आणि मूळ प्रश्न तसाच राहिला. आधी नियम न सांगता शिक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि आधी अभय न देता प्रामाणिकपणा मागणे निरर्थक आहे.

म्हणून नियमाची दोन्ही टोके एकदमच सांगावी लागतील. परवानगी असलेली मदत नोंदवली तर एकही गुण कापला जाणार नाही. आणि स्वतःच्या लेखनावर तोंडी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आली नाहीत, तर त्या स्वाध्यायाला गुण मिळणार नाहीत. तोंडीला वेळ लागतो, ही अडचण खरी आहे. वर्गात ऐंशी मुले आणि शिकवायला तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, ही आपल्या कितीतरी महाविद्यालयांची स्थिती आहे, आणि रिक्त जागा भरल्याशिवाय ती पुरती सुटणार नाही. तोपर्यंत प्रत्येक सत्रात काही विद्यार्थी निवडून पाच-पाच मिनिटे विचारणे शक्य आहे. आपली निवड होऊ शकते, एवढी जाणीवही बरेच काम करते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016नुसार अभ्यासक्रमाची मांडणी अभ्यासमंडळांकडे आहे. त्यांनी आयोगाच्या पुढच्या परिपत्रकाची वाट पाहू नये. नव्या शैक्षणिक वर्षाआधी प्रत्येक विषयात यंत्राची कोणती मदत चालेल, कोणती चालणार नाही, हे एका पानात, साध्या मराठीत छापावे, आणि त्याच पानाच्या मागे ऋणनिर्देशाचा कोरा नमुना विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.