गाठ

गोटमारीची दंतकथा आमच्या सावरगावात लहान पोरालाही पाठ आहे. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली, दोघे जाम नदीत अडकले आणि दोन्ही काठांवरून दगड सुटले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते अजूनही सुटतात. त्या मुलीच्या मनात काय होते, हे मात्र कथा सांगत नाही.

ही कथा मला नागपूरच्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात आठवली. माझ्या एका माजी विद्यार्थिनीला चौथा महिना लागला होता. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. इकडच्या डॉक्टरांनी हिंदीत 'रसौली' म्हटले. घरी पोचेस्तोवर तिचा कॅन्सर झाला. सासरचे म्हणत, ऑपरेशन नको, बाळाचे काय? माहेरचे म्हणत, आत्ताच काढा, पोरीचे काय? माया दोन्हीकडे होती. (मीही माहेरच्या बाजूने तावातावाने बोललो, हे कबूल करतो.) ती बाकावर गप्प बसून होती.

डॉक्टरीणबाईंनी मराठीत समजावले. गरोदरपणात दिसणाऱ्या अशा बहुतेक गाठी साध्या असतात. पुष्कळशा सोळाव्या आठवड्यापर्यंत आपोआप विरतात. म्हणून आधी थांबून पुन्हा तपासणी. वाढत जाणारी किंवा संशयास्पद गाठ काढायची तर चौथा-पाचवा महिना त्यातल्या त्यात बरा. गाठीला पीळ बसला, तर मात्र महिना पाहत बसायचे नाही.

म्हणजे थांबण्यात धोका, कापण्यातही धोका. मग कोणता पत्करायचा, हे ठरवण्याचा अधिकार मायेने मिळतो काय? 2008 साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. रुग्ण भुलीखाली असताना आईच्या संमतीने तिचे गर्भाशय व अंडाशये काढली गेली. जीव वाचवण्याची तातडी नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीने आईचीही संमती चालत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

कायदा ठीक आहे, पण घाबरलेल्या पोरीला यातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. मलाही तसेच वाटत होते. बाईंचे बोलणे संपल्यावर तिने विचारले, "पीळ बसला हे मला कसं कळेल?" अचानक एका बाजूला जोराची कळ, उलट्या, मग लगेच निघून यायचे, बाई म्हणाल्या.

"रात्री सावरगावहून? शंभरेक किलोमीटर आहे."

आम्हा सात-आठ शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आले नव्हते. पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबायचे, पण नागपुरात मावशीकडे राहून, असे तिने ठरवले. सासऱ्यांनी न बोलता तिची पिशवी उचलली आणि रिक्षा पाहायला गेले.